८ कोअरचा कॉम्प्युटर एकाच कोअरवर का रखडतो? याचं उत्तर डाइक्स्ट्रा यांनी ६० वर्षांपूर्वी रेल्वेच्या सिग्नलमध्ये शोधलं होतं

गणपतीला कोकणात जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला एक शब्द पाठ असतो. क्रॉसिंग.

पनवेल गेलं, पेण गेलं, नागोठणे गेलं आणि रोहा आलं. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. इथून वीरपर्यंत आता दुहेरी मार्ग झालाय, पण त्यापुढे बराचसा मार्ग अजून एकेरीच आहे. मग गाडी कुठल्यातरी छोट्या स्टेशनात अर्धा अर्धा तास उभी राहते. डब्यात चर्चा सुरू होते, इंजिन बिघडलं काय, ड्रायव्हर झोपला काय. तसं काही झालेलं नसतं. इंजिन ठणठणीत असतं. समोरून दुसरी गाडी येतेय, रूळ एकच आहे, म्हणून हिला थांबवलंय.

आता घरातला कॉम्प्युटर बघा. दुकानदाराने सांगितलेलं असतं की ८ कोअरचा प्रोसेसर आहे, उडतो नुसता. प्रत्यक्षात एखादं सॉफ्टवेअर चालू केलं की एक कोअर घाम गाळतो आणि बाकीचे सात हात बांधून बसतात. आपण शिव्या घालतो मशिनला. पण इथंही इंजिन ठणठणीतच असतं. आत क्रॉसिंग चालू असतं.

कॉम्प्युटरमधलं हे क्रॉसिंग कसं सांभाळायचं, हे नीट गणितात मांडून दाखवणारा माणूस म्हणजे एड्सगर डाइक्स्ट्रा. गंमत म्हणजे दोन कोअरचे प्रोसेसर घरोघरी पोहोचायच्या आधीच तो माणूस गेला.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक. आई गणिती, पण तिने कधी नोकरी केली नाही. शाळेत असताना पोराच्या डोक्यात कायदा शिकायचं होतं. संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाची बाजू मांडायची, असं स्वप्न होतं. पण गणित-विज्ञानात मार्क असे पडले की घरच्यांनी आणि शिक्षकांनी मिळून त्याला लायडन विद्यापीठात पाठवलं. तिथे तो पदार्थविज्ञान शिकायला लागला.

१९५१ साली वडिलांना एक जाहिरात दिसली. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये ३ आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स होता. मुलगा गेला, शिकला, आणि परत आल्यावर १९५२ च्या मार्चमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात अर्धवेळ नोकरीला लागला. देशात तोवर या पदावर कुणीच नव्हतं. नेदरलँड्सचा पहिला प्रोग्रॅमर म्हणून डाइक्स्ट्रा यांचं नाव घेतलं जातं ते यामुळे.

पहिला असण्याची किंमतही होती. १९५७ साली रिया डेबेट्स यांच्याशी लग्न झालं तेव्हा नोंदणीत व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी प्रोग्रॅमर लिहिलं. सरकारी कचेरीने ते मान्य केलं नाही. असा धंदाच अस्तित्वात नाही म्हटल्यावर काय करणार? शेवटी पदार्थवैज्ञानिक असं लिहावं लागलं.

त्याच्या आदल्या वर्षीचा किस्सा जास्त प्रसिद्ध आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये रियासोबत खरेदी करून दोघं दमून एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी प्यायला बसले. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कॉम्प्युटरने कसा शोधावा, हा प्रश्न डोक्यात घोळत होता. वीसेक मिनिटांत, कागद-पेन न घेता, रीत सुचली. पेणहून रोह्याला जायला नागोठण्याहून आत वळायचं की कोलाडपर्यंत हायवेने जायचं, हे मॅप आज चुटकीसरशी सांगतो. त्यामागे याच रीतीचे वंशज आहेत. कॉलेजच्या पोरांना डाइक्स्ट्रा हे नाव माहीत असतं ते बहुतेक एवढ्याचसाठी.

पण आपली गोष्ट वेगळी आहे. ती सुरू होते एका भीतीपासून.

गणित केंद्रात ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन हे दोघे मशिन बनवायचे आणि डाइक्स्ट्रा त्या मशिनचे प्रोग्रॅम लिहायचे. मशिन तयार व्हायच्या आधी प्रोग्रॅम कागदावर तयार असायचा. चालवून बघू, चुकलं तर दुरुस्त करू, ही सोयच नव्हती. त्यामुळे प्रोग्रॅम बरोबर आहे हे डोक्यानेच सिद्ध करायची सवय लागली, ती जन्मभर सुटली नाही.

१९५७ च्या सुमाराला एक्स-१ नावाच्या नव्या मशिनचं काम सुरू झालं. लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी एक कल्पना आणली, इंटरप्ट. तोवर प्रोसेसर एखाद्या यंत्राकडे काम सोपवून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. टाइपरायटर हळू, कागदी पट्टी वाचणारं यंत्र हळू, आणि प्रोसेसर वेगवान असून रिकामा. इंटरप्टमुळे तो आपलं काम करत राहणार, आणि यंत्राचं काम झालं की ते यंत्र त्याला मध्येच हाक मारणार.

ऐकायला छान आहे. डाइक्स्ट्रा मात्र घाबरले. हाक नेमक्या कोणत्या क्षणी येईल हे कुणालाच माहीत नाही. प्रोग्रॅम अर्धा हिशेब करून बसलाय आणि मध्येच हाक आली तर? एकदा चुकेल, पुढच्या हजार वेळा चुकणार नाही. चूक पुन्हा घडवून आणता येत नसेल तर ती शोधायची कशी? त्यांनी बराच काळ ही कल्पना अडवून धरली. शेवटी पटल्यावर मात्र इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला, आणि १९५९ साली त्याच कामावर पीएचडी मिळवली.

ही भीती किती खरी होती, हे पुढे कळलं. त्याकडे येऊच.

१९६० मध्ये याप झोनेव्हेल्ड या सहकाऱ्यासोबत त्यांनी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर बनवला. काम पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही, असं दोघांचं ठरलं होतं. ऑगस्टमध्ये काम संपलं. झोनेव्हेल्डने दाढी उतरवली, डाइक्स्ट्रांनी ठेवली. फोटोत दिसते ती दाढी तेव्हाची.

१९६२ साली ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. इथे एक्स-८ हे मोठं मशिन येणार होतं आणि त्यावर एकाच वेळी अनेकांचे प्रोग्रॅम चालवायचे होते. प्रोसेसर एकच, पण कामं अनेक, यंत्रं अनेक आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. म्हणजे कोकण रेल्वेचा गणपतीतला टाइमटेबलच!

भांडण कुठे होतं ते बघू. समजा बँकेच्या खात्यात १००० रुपये आहेत. दोन प्रोग्रॅम एकाच क्षणी शिल्लक वाचतात. दोघांनाही १००० दिसतात. पहिला २०० मिळवून १२०० लिहितो. दुसरा ३०० मिळवून १३०० लिहितो. खात्यात हवे होते १५००, राहिले १३००. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर आहेत. चुकलं ते दोघांनी एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावला म्हणून.

म्हणजे तेवढ्या नाजूक तुकड्यात एका वेळी एकच जण असला पाहिजे. दोन प्रोग्रॅमपुरता हा प्रश्न गणित केंद्रातल्या डेकर नावाच्या गणितज्ञाने सोडवला होता. कितीही प्रोग्रॅम असले तरी चालेल असं उत्तर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली छापलं. तो लेख अवघ्या एका पानाचा आहे.

पण त्या रीतीत एक अडचण होती. थांबलेला प्रोग्रॅम सारखं विचारत राहायचा, झालं का, झालं का, झालं का. त्यातच प्रोसेसरचा वेळ जायचा. यावर डाइक्स्ट्रांनी शोधलेली सोपी वस्तू म्हणजे सेमाफोर.

सेमाफोर हा शब्द रेल्वेतला. खांबावर आडवा हात असलेला जुना सिग्नल आठवतो? हात आडवा असेल तर थांबा, कलला की चला. जुन्या एकेरी मार्गांवर तर सिग्नलच्या जोडीला टोकनही असायचं. स्टेशनवरचा माणूस कड्याला अडकवलेल्या पिशवीतून धातूचा गोळा द्यायचा आणि तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या टप्प्यात शिरायचा नाही. गोळा एकच, म्हणून त्या टप्प्यात गाडीही एकच.

डाइक्स्ट्रांचा सेमाफोर म्हणजे प्रोग्रॅममधला एक आकडा आणि त्यावर चालणाऱ्या फक्त दोन क्रिया. एकीचं नाव पी, दुसरीचं व्ही. डच भाषेतल्या जाणं आणि मोकळं करणं या शब्दांची ही पहिली अक्षरं, तीही रेल्वेच्याच बोलीतून उचललेली. पी म्हणजे मला आत जाऊ दे. आकडा शून्य असेल तर विचारणारा सरळ झोपी जातो, प्रोसेसर दुसऱ्याचं काम करतो. व्ही म्हणजे मी बाहेर पडलो. मग झोपलेल्यांपैकी एकाला उठवलं जातं. बास.

यातून नवी भानगड निघू शकते हेही त्यांनीच दाखवलं. दोन गाड्या एकेरी रुळावर समोरासमोर आल्या, मागे कुणीच हटायला तयार नाही, तर दोघी कायमच्या उभ्या. कॉम्प्युटरमध्ये याला डेडलॉक म्हणतात. १९६५ साली विद्यार्थ्यांच्या परीक्षेत त्यांनी या धर्तीचा प्रश्न घातला. पुढे टोनी होर यांनी त्याला जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचं रूप दिलं. गोल टेबल, पाच जण, पाच काटे, आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे हवेत. सगळ्यांनी एकदम डावीकडचा काटा उचलला की सगळे उपाशी. जगभरच्या कॉम्प्युटरच्या पोरांनी हे तत्त्वज्ञ आजवर किती वेळा उपाशी मारलेत, त्याची गणती नाही.

आइंडहोव्हनमध्ये मोजक्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी या सेमाफोरवर एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली. एकावर एक थर, खालच्या थराला वरच्याची माहितीच नाही. १९६८ साली त्यावरचा लेख छापून आला. डेडलॉक होणारच नाही, हे त्यांनी आधी सिद्ध केलं होतं आणि मग चाचणी घेतली. चाचणीत निघाल्या त्या किरकोळ चुका.

आणि एवढं करून काय मिळालं? विभागातल्या गणितज्ञांना यात रस नव्हता, सहकाऱ्यांचा गट मोडला. डाइक्स्ट्रा दीर्घ नैराश्यात गेले. त्यातून बाहेर पडायला म्हणून त्यांनी लिहायला घेतलं आणि त्यातून शिस्तबद्ध प्रोग्रॅमिंगवरची टिपणं तयार झाली. त्या टिपणांनी पुढच्या पिढ्यांची प्रोग्रॅम लिहायची पद्धत बदलली. गो टू या आज्ञेविरुद्धचं त्यांचं गाजलेलं पत्रही १९६८ चंच. १९७२ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला, जो या क्षेत्रातला सगळ्यात मोठा.

१९७३ मध्ये बरोज या अमेरिकन कंपनीने त्यांना संशोधक म्हणून घेतलं. ऑफिस कुठे, तर न्यूनेन गावातल्या घरीच. वर्क फ्रॉम होमचा हा बराच जुना नमुना म्हणायचा. या घरात बसून ते फाउंटन पेनने लिहायचे. खाडाखोड जवळपास नाही, प्रत्येक लेखाला स्वतःच्या नावाची आद्याक्षरं ईडब्ल्यूडी आणि पुढे क्रमांक. झेरॉक्स काढून ओळखीच्यांना पाठवायचे, ते पुढे पाठवायचे. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डच, फक्त वाचण्यासारखा. घरात कॉम्प्युटर आला तो फार उशिरा, आणि तोही मुख्यतः ईमेलसाठी.

१९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात गेले. आणि त्याच काळात, त्याच टेक्सास राज्यात, त्यांची जुनी भीती खरी ठरली.

थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर किरणोपचार करणारं कॅनेडियन यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याने ठरलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी पट किरण दिले. काहींचा जीव गेला. टेक्सासमधल्या टायलर शहरात १९८६ मध्ये अशा दोन घटना घडल्या. कारण काय निघालं? यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी चालणारी कामं होती आणि त्यांच्यात धड सिग्नल नव्हता. यंत्र चालवणारी व्यक्ती सरावाने इतकी चपळ झाली होती की चुकून भरलेली माहिती तिने काही सेकंदांत दुरुस्त केली. स्क्रीनवर दुरुस्ती दिसली, यंत्राच्या आत मात्र जुनीच मांडणी राहिली. हळू टाइप करणाऱ्याच्या हातून ही चूक कधी घडलीच नसती. म्हणून चाचणीत ती सापडत नव्हती. एकदा चुकेल, हजारदा चुकणार नाही, हेच ते.

सेमाफोर वापरला म्हणजे सगळं भागलं असंही नाही. जुलै १९९७ मध्ये नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. हवामानाचं एक कमी महत्त्वाचं काम कुलूप घेऊन आत बसायचं. एक जास्त महत्त्वाचं काम बाहेर त्याची वाट बघायचं. आणि मध्यम महत्त्वाची कामं घुसून आतल्याला पुढे सरकूच द्यायची नाहीत. एक्स्प्रेस उभी, कारण पुढे मालगाडी, आणि मालगाडी उभी, कारण पॅसेंजरला आधी सोडतायत. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या तशाच मशिनवर हा घोळ पुन्हा घडवून आणला, कारण शोधलं आणि एक सेटिंग बदलून मंगळावर पाठवलं. कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला तात्पुरतं वरचं महत्त्व द्यायचं, एवढीच ती दुरुस्ती.

आता परत आपल्या ८ कोअरकडे. २००४-०५ पर्यंत प्रोसेसरचा वेग दरवर्षी वाढायचा. मग चिप इतकी तापायला लागली की कंपन्यांनी वेग वाढवणं सोडलं आणि एकाच चिपवर दोन, चार, आठ कोअर बसवायला सुरुवात केली. पण आठ जण कामाला लावले म्हणजे काम आठपट होत नाही. पेणच्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात विचारा. साच्यातून मूर्ती काढायला, घासायला, रंग द्यायला माणसं वाढवता येतात. डोळ्यांची आखणी करणारा हात मात्र एखादाच असतो. मग रंगवून झालेल्या मूर्ती त्याच्यासमोर रांगेत बसतात. याचं गणित जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलं. कामाचा फक्त १० टक्के भाग एकाच हातून जात असेल, तर ८ कोअर लावूनही वेग साधारण ४.७ पट वाढतो, आणि हजार कोअर लावले तरी १० पट गाठता येत नाही.

मोठमोठ्या सॉफ्टवेअरमध्येही असा एकच आखणीवाला बसलेला असायचा. लिनक्सच्या गाभ्यात १९९६ पासून एक भलं मोठं कुलूप होतं, ते तुकडे करत करत पूर्ण काढायला २०११ उजाडलं. पायथन भाषेत तर नेहमीच्या आवृत्तीत एका वेळी एकच धागा पायथनचा कोड चालवू शकतो. त्या कुलपाशिवायची आवृत्ती २०२४ साली आली, तीही प्रयोग म्हणून.

त्यामुळे विंडोजवाला कॉम्प्युटर रखडला तर आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करा आणि लॉजिकल प्रोसेसर्सचे वेगवेगळे आलेख दिसू द्या. एकच आलेख वर आणि बाकी झोपलेले असतील, तर बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअरच एका धाग्यावर लिहिलेलं असतं, जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन उपयोग नाही. सगळे आलेख खाली आणि तरी काम अडलेलं असेल, तर कोण कुणाची वाट बघतंय ते शोधा. दोन अँटिव्हायरस एकदम चालू असणं हे एक कारण असू शकतं. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही तपासायला धावतात आणि एकमेकांत अडकतात. एक ठेवा, एक काढा. आणि कुणीतरी व्हिडिओ बघून एमएसकॉन्फिगमध्ये नंबर ऑफ प्रोसेसर्सवर टिक केली असेल तर ती काढा. तिथला आकडा वेग वाढवत नाही. उलट चुकून कमी निवडला तर उरलेले कोअर बंदच राहतात. टिक नसेल तर विंडोज सगळे कोअर आपणहून वापरतं.

डाइक्स्ट्रांना हे सगळं बघायला मिळालं नाही. १९९९ मध्ये ते ऑस्टिनमधून निवृत्त झाले. सुट्टीत नवराबायको एका फोक्सवॅगन व्हॅनमधून अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं फिरायचे. ट्युरिंग मशिनवर कोटी करून त्या व्हॅनचं नाव त्यांनी टुरिंग मशिन ठेवलं होतं. २००२ च्या सुरुवातीला, कॅन्सरने गाठल्यावर, दोघं न्यूनेनच्या घरी परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

त्या टिपणांची संख्या तोवर १३०० च्या पुढे गेली होती. शेवटचं, क्रमांक १३१८, त्याच वर्षीच्या एप्रिलमधलं आहे. टेक्सास विद्यापीठाने ती स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत आणि कुणालाही फुकट वाचता येतात.